तालुक्याच्या गावातील व्यापारी संकुलातला रिकामा गाळा भाड्याने देताना

महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी एस.टी. स्टँडसमोर, बाजार समितीच्या रस्त्याला किंवा जुन्या पेठेच्या तोंडाशी एखादे दोन-तीन मजली व्यापारी संकुल असतेच. त्यातले रस्त्याकडेचे तळमजल्यावरचे गाळे गजबजलेले असतात; आतल्या बोळातले आणि जिना चढून जावे लागणारे गाळे मात्र शटर ओढून बंद असतात. बंद शटरवर ‘गाळा भाड्याने देणे आहे’ असे रंगवून खाली मोबाइल क्रमांक टाकला की मालक वाट पाहत बसतो. तो क्रमांक पाहून फोन करणारा माणूस भाडे विचारतो आणि पुन्हा फिरकत नाही, कारण या गाळ्यात आपला धंदा बसेल की नाही, हे त्याला एका फोनवर कळत नाही आणि मालकालाही सांगता येत नाही. गाळा कोणत्या धंद्याला योग्य आहे, याचा शोध मालकाने स्वतः आधी घेतला तर तो भरतो, आणि कराराचे कागद चोख केले तर भाडे आणि ताबा यांवरून पुढे कोर्टाची पायरी चढावी लागण्याचा धोका बराच कमी होतो.

गावाला काय हवे आहे

प्रत्येक गावात पैसा निराळ्या वाटेने येतो. बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयामुळे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मुक्कामाला असतात; शेगावला वर्षभर भाविकांची ये-जा असते; दापोलीला एकीकडे कोकण कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी आणि कर्मचारी, तर दुसरीकडे सुट्ट्यांतले पर्यटक; लासलगावला कांद्याचे लिलाव सुरू असले की बाजारपेठेत पैसा खेळतो आणि लिलाव बंद असले की दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहतात. त्यामुळे एका गावात उत्तम चाललेले दुकान दुसऱ्या गावात चालेलच असे धरून चालू नये.

यासाठी सर्वांत उपयोगी प्रश्न असा, की आपल्या गावची माणसे कोणत्या कामासाठी एस.टी.त बसून जिल्ह्याच्या ठिकाणी जातात? चष्म्याचा नंबर काढणे, दातांवरचे उपचार, रक्ताच्या तपासण्या, लॅपटॉपची दुरुस्ती, लग्नाचा बस्ता, लहान मुलांचे कपडे, शेतीपंपाचे सुटे भाग, अशी यादी हळूहळू तयार होते. हा प्रश्न शाळेतल्या शिक्षकांना, बँकेतल्या कर्मचाऱ्यांना, औषध दुकानदाराला आणि रिक्षावाल्यांना विचारावा. यादीतला जो व्यवसाय गावात नाही, किंवा आहे पण अपुरा आहे, त्याच्यासाठी आपला गाळा योग्य आहे का, हे नंतर पाहावे. त्याच वेळी आठवडी बाजाराच्या दिवशी आणि एरवीच्या एका दिवशी संकुलाच्या तोंडाशी तास-दोन तास उभे राहून किती माणसे आत वळतात, त्यांत बायका किती आणि त्या कोणत्या बाजूने येतात, हे डोळ्यांनी पाहावे. या निरीक्षणाची सर कोणत्याही दलालाच्या सांगण्याला येत नाही.

ज्या संकुलात आधीच मोबाइलची चार दुकाने आहेत, तिथे पाचवे आले तर चारांपैकी एखादे बंद पडते आणि रिकाम्या गाळ्यांची संख्या तेवढीच राहते. कापड, सराफी आणि भांडी यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे गिऱ्हाईक चार दुकाने फिरूनच खरेदी करते, आणि अशी दुकाने शेजारी-शेजारी असणे सर्वांच्याच फायद्याचे ठरते.

वरच्या मजल्यासाठी किराणा, स्टेशनरी, फरसाण असे येता-जाता घ्यायच्या मालाचे दुकान शोधू नये. ज्याच्याकडे गिऱ्हाईक नाव विचारत येते, असा व्यावसायिक तिथे टिकतो: करसल्लागार, वकील, विमा प्रतिनिधी, दंतवैद्य, टंकलेखन व संगणक वर्ग, शिवणकाम आणि ब्लाउज डिझाइन, ब्यूटी पार्लर. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका ही अलीकडे तालुक्याच्या गावांतली खरी गरज झाली आहे, आणि वरच्या मजल्यावरची शांतता तिला सोयीचीच असते. मात्र क्लास किंवा अभ्यासिकेला जागा देताना जिन्याचा आणि आगीचा विचार केल्याशिवाय होकार देऊ नये. २४ मे २०१९ रोजी सुरतमधल्या अशाच एका व्यापारी संकुलाला आग लागून वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुले दगावली. उतरायला वाट उरली नाही म्हणून अनेकांनी खिडकीतून उड्या टाकल्या. ज्या मजल्याला एकच लाकडी किंवा अरुंद जिना आहे, जिथे खिडक्यांना पक्के गज आहेत आणि जिन्याखालीच मीटरचे बोर्ड व खोकी रचलेली आहेत, तो मजला कितीही दिवस रिकामा राहिला तरी मुलांसाठी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

गाळा दाखवण्याआधी

येणारा माणूस प्रथम शटर पाहतो. ते दोन माणसांनी जोर लावून उघडावे लागत असेल, आत कबुतरांची घाण, भिंतीला ओल आणि छताला लोंबणारी वायर असेल, तर भाड्याचा आकडा ऐकण्याआधीच त्याचे मन उतरते. शटरला तेल-ग्रीस, भिंतींना पांढरा रंग, दोन चांगले दिवे, चालू पंखा आणि स्वच्छ फरशी एवढ्यावर गाळ्याचे रूप पालटते, आणि हा खर्च बहुधा एका महिन्याच्या भाड्याच्या आत बसतो. फर्निचर मात्र मालकाने करू नये. औषधवाल्याचे रॅक कापडवाल्याच्या कामाचे नसते.

त्यानंतर मोजमाप घ्यावे, आणि ते कार्पेट क्षेत्रफळाचेच, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेचे असावे. इथे एक बारकावा नीट समजून घेण्यासारखा आहे. औषधांच्या किरकोळ विक्रीचा परवाना मिळण्यासाठी जागा किमान १० चौरस मीटर असावी लागते. गावोगावच्या संकुलांत सर्रास आढळणारा १० बाय १० फुटांचा गाळा १०० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे ९.२९ चौरस मीटरचा भरतो. मालकाने तोंडी ‘दहा बाय दहा’ सांगितले, इच्छुकाने इसार दिला आणि परवान्याच्या अर्जाच्या वेळी जागा अपुरी ठरली, तर दोघांचाही वेळ जातो. अकरा बाय दहाचा गाळा मात्र १०.२२ चौरस मीटर भरून नियमात बसतो. बँकेला किंवा एटीएमला जागा द्यायची असेल तर तळमजला, थ्री फेज वीज, तिजोरीचे वजन पेलणारी जमीन आणि रॅम्प यांची विचारणा होते. सरकारी बँका जागेसाठी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन तांत्रिक आणि आर्थिक अशी दोन स्वतंत्र पाकिटे मागवतात, त्यामुळे ज्यांचे दोन-तीन गाळे सलग आहेत, त्यांनी त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. मधली भिंत काढता येते का, हे मात्र स्थापत्य अभियंत्याला विचारूनच ठरवावे.

कागदांची एक फाइल तयार ठेवावी. तीत खरेदीखत, नगरपालिकेचा मालमत्ता उतारा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरास योग्य असल्याचा दाखला), मंजूर नकाशा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालू पावत्या आणि महावितरणचे शेवटचे बिल असावे. आधीच्या भाडेकरूने वीजबिल थकवून ठेवले असेल तर ते आधी निकाली काढावे, कारण थकबाकीचा ससेमिरा जागेच्या मागे लागतो आणि नव्या भाडेकरूची वीजजोडणी त्यात अडकते. गाळा स्वतःच्या मालकीचा नसून नगरपालिकेकडून लिलावात घेतलेला असेल, तर मूळ अटी वाचाव्यात. पोटभाडेकरू ठेवण्यास तिथे सहसा मनाई असते, आणि ती मोडल्यास गाळाच हातचा जाऊ शकतो.

सर्व गाळेमालकांनी मिळून करण्याचे एक काम म्हणजे स्त्रियांसाठी स्वच्छ, पाणी आणि कडी असलेले स्वच्छतागृह. खेड्यातून बाजाराला आलेली बाई दिवसभर गावात असते, आणि जिथे ही सोय आहे त्या संकुलात ती मुलीला घेऊन निवांत खरेदी करते. दुकानांत काम करणाऱ्या मुलींचा तर हा रोजचा प्रश्न आहे. दर्शनी भागाला ग्रॅनाइट लावण्याआधी हा खर्च करायला हवा.

भाडे ठरवताना

शेजारचे मालक काय भाडे ‘सांगतात’ याला फारसा अर्थ नाही. शेजारचे भाडेकरू प्रत्यक्षात काय देतात, हे विचारावे. दर्शनी गाळा, आतला गाळा आणि पहिला मजला यांचे दर एकाच संकुलात फार वेगळे असतात, म्हणून तुलना आपल्यासारख्याच गाळ्याशी करावी. मग हिशेब भाडेकरूच्या बाजूने मांडून पाहावा. समजा भाडे महिना १२,००० रुपये आहे आणि त्या धंद्यात शंभर रुपयांच्या विक्रीमागे दहा रुपये सुटतात, तर केवळ भाडे निघण्यासाठी त्याला महिन्याला १,२०,००० रुपयांची, म्हणजे रोज ४,००० रुपयांची विक्री करावी लागेल. वीज, पगार आणि स्वतःचे घर त्यानंतर. आपल्या बोळात हे शक्य दिसत नसेल, तर असा भाडेकरू सहा महिन्यांत गाळा सोडणार, हे मालकाने आजच ओळखावे.

दुसरा हिशेब मालकाचा. बारा हजारांच्या हट्टापायी गाळा आणखी सहा महिने बंद राहिला तर ७२,००० रुपये बुडतात. तोच ११,००० रुपयांना तीन वर्षांसाठी दिला तर एकूण ३६,००० रुपये कमी मिळतात. तरीही मूळ भाडे उतरवण्यापेक्षा सुरुवातीला सवलत देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पहिले दोन महिने फर्निचर आणि जम बसवण्यासाठी भाडे माफ करावे, पुढचे चार महिने निम्मे घ्यावे आणि सातव्या महिन्यापासून पूर्ण भाडे सुरू करावे. लहान गावात उतरलेला आकडा संध्याकाळपर्यंत पेठभर होतो आणि उरलेले भाडेकरूही तेच मागू लागतात. सुरुवातीची सवलत मात्र नव्या दुकानापुरती राहते. दरवर्षीची वाढ किती टक्के, हे आधीच ठरवून लिहावे. अनामत रक्कम इतकी असावी, की भाडे थकले आणि ताबा मिळण्यास काही महिने लागले तरी मालक उघड्यावर पडू नये. पण ती फार मोठी ठेवली, तर ज्याचे भांडवल मालात जायला हवे त्याचा धंदा सुरू होण्याआधीच अशक्त होतो.

काळवेळही पाहावी. आपल्याकडे नवे दुकान गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा किंवा दिवाळीच्या पाडव्याला उघडण्याची रीत आहे आणि पितृपक्षात सहसा कोणी व्यवहार ठरवत नाही. फर्निचरला लागणारा महिना-दीड महिना धरला, तर दसऱ्याला दुकान उघडू पाहणाऱ्याशी बोलणी श्रावणातच संपलेली असावीत. खते-बियाण्यांच्या दुकानदाराला आणि वह्या-पुस्तकांच्या विक्रेत्याला जूनपूर्वी ताबा हवा असतो.

करार

अकरा महिन्यांचा करार पाचशेच्या स्टँपवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला की झाले, हा समज अजूनही खोलवर रुजलेला आहे. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे अकरा महिन्यांची ही पळवाट देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्सचा (जागा वापरण्याच्या केवळ परवानगीचा) करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नसेल तर अटींविषयी वाद झाल्यास भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा त्याच्या अनुसूचींत दिलेल्या क्षेत्रांना लागू आहे, त्यामुळे आपले गाव त्यांत येते का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. येत नसले तरी नोंदणी करण्यातच हित आहे.

खर्चाच्या भीतीने नोंदणी टाळणाऱ्यांसाठी हिशेब देतो. मासिक शुल्क (म्हणजे भाडे) १२,००० रुपये, दरवर्षी ५ टक्के वाढ, परत करण्याची अनामत १,००,००० रुपये आणि मुदत ३६ महिने असे धरले, तर तीन वर्षांचे शुल्क ४,५३,९६० रुपये होते. अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी तीन वर्षांचे ३०,००० रुपये व्याज धरले जाते. एकूण ४,८३,९६० रुपयांवर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क बाराशे-तेराशे रुपयांच्या घरात येते, आणि नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी ऑनलाइनही होते. लीव्ह अँड लायसन्सची मुदत ६० महिन्यांपुढे गेली की मात्र भाडेपट्ट्याप्रमाणे शुल्क लागते.

लीव्ह अँड लायसन्स आणि भाडेकरार यांतला फरक समजून घेतल्याशिवाय सही करू नये. लायसन्समध्ये जागा वापरण्याची केवळ परवानगी दिली जाते. भाडेपट्ट्यात जागेतला हक्क भाडेकरूकडे जातो, आणि भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षणही त्याला मिळू शकते. करारावर कोणते नाव लिहिले आहे यापेक्षा दोघांचा हेतू आणि जागेचा ताबा कसा दिला, हे न्यायालय पाहते; सर्वोच्च न्यायालयाने हे १९५९ सालीच स्पष्ट केले आहे. दुसरी गोष्ट मालकांना फार उशिरा कळते: लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून लवकर ताबा मिळवण्याची भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ ची सोय निवासी जागेपुरतीच आहे. दुकानाच्या गाळ्यासाठी मालकाला न्यायालयातच जावे लागते आणि तिथे वर्षे जातात. म्हणूनच गाळ्याच्या बाबतीत भाडेकरूची पारख घरापेक्षा अधिक काळजीने करावी, त्याच्या आधीच्या मालकाशी स्वतः बोलावे, आणि मुदतीनंतर गाळा न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची अट करारातच लिहून घ्यावी. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या आणि बँका यांना दिलेल्या जागेला भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही. अशा भाडेकरूंना मालक पसंती देतात, त्याचे हेही एक कारण आहे.

करारात मुदत आणि भाडे याखेरीज पुढील बाबी नि:संदिग्ध शब्दांत याव्यात. गाळ्यात कोणता व्यवसाय चालेल आणि तो बदलायचा झाल्यास मालकाची लेखी संमती लागेल. किमान किती महिने कोणत्याही पक्षाला करार मोडता येणार नाही आणि त्यानंतर किती दिवसांची नोटीस द्यावी लागेल. मेंटेनन्स, घरपट्टी, वीज आणि पाणी यांपैकी कोण काय भरेल. पोटभाडेकरू किंवा भागीदार आत घेता येणार नाही. पाटी कुठे आणि किती मोठी लावता येईल, आणि ती मराठीत, देवनागरी लिपीत असेल. महाराष्ट्रात २०२२ पासून लहान दुकानांनाही हे बंधन आहे. अग्निशमन साधने कोण बसवेल आणि ज्या इमारतीला दर सहा महिन्यांचे, जानेवारी व जुलैचे, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते, तिथे ते कोण करील. आणि शेवटी, गाळा सोडताना भाडेकरू काय काढून नेईल आणि काय ठेवून जाईल.

भाडे थकले तरी मालकाने स्वतःचे कुलूप लावू नये, वीज तोडू नये किंवा माल बाहेर काढू नये. कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा काढून घेतला, तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मिळवू शकतो, आणि ज्याची बाजू बरोबर होती तो मालकच आरोपी होऊन बसतो.

कराचा भाग

व्यावसायिक जागेच्या भाड्यावर जीएसटी १८ टक्के आहे, पण लहान गावातल्या बहुतेक मालकांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्यामुळे त्यांना नोंदणीची गरज पडत नाही. मात्र १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून गाळा घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला हा कर स्वतः भरावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या (म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान) व्यापाऱ्यांना त्यातून नंतर वगळण्यात आले. बोलणी करतानाच भाडेकरू कोणत्या प्रकारात बसतो हे विचारावे, म्हणजे पहिल्या महिन्यातच भाड्यावरून कटकट होणार नाही. प्राप्तिकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. भाडे रोखीत न घेता बँक खात्यात घ्यावे. थकबाकीचा वाद झाला तर तेच पासबुक पुरावा ठरते.

ताबा देताना आणि घेताना

किल्ली हातात देण्याआधी रिकाम्या गाळ्याचे सर्व बाजूंनी फोटो आणि एक सलग व्हिडिओ दोघांच्या मोबाइलवर घ्यावा, मीटरचे रीडिंग, पंखे-दिव्यांची संख्या, शटरची आणि फरशीची स्थिती एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि तो कागद कराराला जोडावा. मुदत संपण्याआधी तीन महिने मालकाने स्वतःहून विचारणा करावी: पुढे राहायचे असेल तर नवा करार नव्याने नोंदवावा, जुन्याच करारावर तोंडी मुदतवाढ देत राहू नये, जायचे असेल तर त्याच दिवसापासून नव्या भाडेकरूचा शोध सुरू करता येतो. गाळा परत घेताना तोच कागद समोर ठेवून पाहणी करावी, शेवटचे वीजबिल भरल्याची पावती घ्यावी, परवान्यांवरून या जागेचा पत्ता कमी केल्याची खात्री करावी, ताबापावतीवर सही घ्यावी आणि उरलेली अनामत त्याच दिवशी खात्यावर परत करावी.